नातीचा नेम

मराठी भाषेत ‘नेम’ हा शब्द ज्याने प्रथम चलनात आणला त्याच्याजवळ एक तर शब्दांचा तुटवडा असला पाहिजे, किंवा विनोदबुद्धी विपुल असली पाहिजे. कारण पहाटे उठून तुळशीला पाणी घालणे हाही नेम, बंदुकीची नळी लक्ष्यावर रोखणे हाही नेमच, आणि मृगाच्या पावसाचा, निवडून आलेल्या उमेदवाराचा व विरारहून सुटणाऱ्या गाडीचा मात्र काही नेम नाही. पंडित सांगतात की हे सारे संस्कृत ‘नियमा’चेच गोत्र आहे. असेल, परंतु भाऊबंदकी झालेल्या घरातील माणसे एका अंगणात राहूनही जशी एकमेकांशी बोलत नाहीत, तसे हे तीन अर्थही इतकी वर्षे परस्परांशी अबोला धरून होते. त्यांची समोरासमोर गाठ पडली ती आमच्या वसईच्या बिऱ्हाडात, दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी.

त्या दिवसाला तशी निमित्ते पुष्कळ होती. लोकमान्यांची पुण्यतिथी होती, अण्णा भाऊ साठ्यांची जयंती होती, आणि ठाणे जिल्ह्यापासून विभक्त झालेल्या आमच्या पालघर जिल्ह्याला बरोबर दहा वर्षे पुरी होत होती. यांपैकी कशाचाही गवगवा आमच्या गल्लीत झाला नाही. गवगवा झाला तो असा, की राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेत, गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही प्रकारे गोळ्या झाडून, अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवले; आणि १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी जे केले ते पुन्हा करून दाखवणारा दुसरा मराठी गडी बहात्तर वर्षांनी निपजला. हा गृहस्थ मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस आहे हे वर्तमान जेव्हा इमारतीत पसरले, तेव्हा पश्चिम रेल्वेने ये-जा करणाऱ्या एकदोघांच्या मुद्रेवर जी काळजी दाटून आली ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. पन्नास मीटरांवरून न चुकणारा तपासनीस ही कल्पना बिनतिकिट्या मनाला मानवणारी नव्हे.

त्याच रात्री, आमटीत भात कालवता कालवता, माझ्या अकरा वर्षांच्या नातीने जाहीर केले, “आजोबा, मला बंदूक शिकायची आहे.”

आता येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की मुलीने ‘बंदूक शिकायची आहे’ असे म्हटले होते. आणि पानावर बसलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने ते ‘बंदूक घ्यायची आहे’ असे ऐकले. पेटी शिकायची म्हटले की आम्ही आधी पेटी घेतो, मग ती माळ्यावर ठेवतो, आणि शिकण्याचा विषय यथावकाश बरखास्त होतो. तद्वतच येथेही झाले. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नेम धरणे हा जो वाक्प्रचार आपण राजकारणी पुरुषांसंबंधी योजतो, त्याचा उगम खात्रीने एखाद्या प्रेमळ कुटुंबातील मुलांच्या शिक्षणाच्या मसलतीत झाला असावा असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

शस्त्राची आम्हां वसईकरांना भीती नाही. ज्या गावच्या किल्ल्याला १७३९ साली चिमाजी आप्पांचा वेढा पडला आणि मे महिन्यात पोर्तुगीजांना तो खाली करून द्यावा लागला, त्या गावच्या पोरांना तोफांच्या आणि बंदुकांच्या गोष्टी दुधाबरोबरच पाजल्या जातात. मात्र त्या वेढ्याच्या हकिकती शांतपणे वाचल्या तर असे दिसते की वसई पडली ती नेमबाजीने नव्हे; तटाखाली महिनोन्‌महिने चिखलात खणलेल्या सुरुंगांनी, आणि त्याहून अधिक चिकाटीने. किल्ल्याच्या एका बुरुजाला नाव होते ते सेंट सेबॅस्टियनचे, म्हणजे ज्याला खांबाला बांधून सैनिकांनी बाणांनी विंधले त्या संताचे. नेमबाजांच्या बाबतीत इतका दुर्दैवी अनुभव असलेला पुरुष संरक्षणासाठी नेमणे हे पोर्तुगीजांचे धाडसच म्हणावे लागेल. पुढे त्यांच्या देवळांतल्या घंटा आपल्या देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर सर्वश्रुत आहे, आणि बंदुका कोठे गेल्या याची फिकीर कोणी केली नाही.

बंदुकीच्या निवडीचा पहिला ठराव मांडला तो आमच्या कुटुंबाने. तिच्या मते मुलाची पहिली बंदूक ही दिवाळीची टिकल्यांची बंदूक होय, आणि ती घरात आहे. हे म्हणणे वस्तुतः इतिहासाला धरून होते. महाराष्ट्रातील समस्त बालकांची शस्त्रदीक्षा नरकचतुर्दशीलाच होते, आणि त्या पत्र्याच्या पिस्तुलात टिकल्यांचे वेटोळे घालून चाप ओढला असता पहिल्या तीन खेपांस ‘टक्‌’ असा कोरडा आवाज आणि चौथ्या खेपेस बोटाला चटका, हा अनुभव ज्याला नाही असा मराठी माणूस मला दाखवावा. तिच्यानंतरची पायरी म्हणजे जत्रेतली फुग्यांची बंदूक. निर्मळच्या जत्रेत, जीवदानीच्या पायथ्याशी, अर्नाळ्याच्या वाळूत, जेथे म्हणून चार माणसे जमतात तेथे एक फळी, तिच्यावर रंगीबेरंगी फुगे आणि समोर साखळीने बांधलेली एक हवाई बंदूक असतेच. त्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा तो नेम धरण्याचा कंगोरा, स्वभावतः वाकडी असते. लाल फुगा फोडायचा तर पिवळ्यावर नेम धरावा, आणि पिवळा फोडायचा तर दुकानदारावर धरावा, हे शास्त्र मी वयाच्या दहाव्या वर्षी आत्मसात केले होते. पुढे सरकारी नोकरीत ते फारच उपयोगी पडले.

दुसरा ठराव आमच्या भाऊजींचा. त्यांच्या वडिलोपार्जित वाडीतल्या घरात भिंतीवर एक ठासणीची बंदूक आहे. केळीच्या बागेची राखण करण्यासाठी तिची सनद आजोबांच्या काळी मिळाली होती. वरून दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, रंजक भरायची, आणि इतका सारा विधी पार पडेपर्यंत कोल्हा थांबला असल्यास त्याच्यावर झाडायची, अशी तिची कार्यपद्धती. भाऊजींच्या वडिलांनी तिने एक कोल्हा मारला होता असे मी लग्नात ऐकले. बारशाला ते तीन झाले, आणि परवाच्या मसलतीत, वसईची सुकेळी तोंडात टाकत भाऊजी सात कोल्ह्यांपर्यंत आले. “घरची वस्तू आहे, घरात राहील,” ते म्हणाले. वास्तविक ही वस्तू घरात अशी फारशी राहिलेलीच नाही. लोकसभा, विधानसभा, महानगरपालिका, कसलीही निवडणूक जाहीर झाली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम सुटतो, आणि आपल्या देशातील निवडणुकांचे प्रमाण पाहता त्या बंदुकीचे निम्मे आयुष्य पोलिसांच्या कोठडीत गेले आहे. तिचे दप्तर तर तिच्याहून अधिक हिंडले. आधी ते ठाण्याच्या जिल्हा कचेरीत होते, २०१४ साली जिल्हा वेगळा झाल्यावर पालघरला आले, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरारचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाल्यावर तिसऱ्या कचेरीच्या फडताळात गेले. बंदूक खुंटी आणि पोलीस ठाणे यांपलीकडे कधी गेली नाही. पण कागदोपत्री तिने जेवढा मुलूख पाहिला तेवढा भाऊजींनीही पाहिला नसेल.

ही बंदूक पोरीच्या हाती देता येणार नाही हे मी, निवृत्त अव्वल कारकून या नात्याने, कलमासह सिद्ध केले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे एकवीस वर्षे पुरी झाल्याखेरीज कोणाला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. शिकणाऱ्या मुलांना काही सवलत आहे, पण ती नियमांच्या चौकटीत आणि जाणत्याच्या देखरेखीखाली. याच्या उलट, २०१६ च्या नियमांप्रमाणे जिची नळी साडेचार मिलिमीटरांहून रुंद नाही आणि जिचा जोर वीस ज्यूलांहून अधिक नाही, अशा हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. दुकानदार मोठ्या माणसाचे ओळखपत्र पाहतो, त्याची प्रत ठेवून घेतो, आणि बंदूक देतो. तात्पर्य, मुलाची पहिली बंदूक ती हवेची. हे ऐकून भाऊजी दुखावले. ज्या बंदुकीतून धूर निघत नाही तिला बंदूक म्हणणे म्हणजे बिनफोडणीच्या वरणाला आमटी म्हणणे आहे, असे ते म्हणाले आणि उरलेली सुकेळी घेऊन गेले.

हवाई बंदुकीचे नाव निघताच माझेही रक्त सळसळले, हे मी लपवीत नाही. आमच्या लहानपणी एका स्नेह्यांच्या घरी ‘डायना’ होती. जर्मनीहून आलेली, मधोमध मोडून भरायची, शिसवी रंगाच्या दस्त्याची. तिने मी एकदा, त्यांच्या वाडीतल्या कैरीवर नेम धरून, कैरीच्या पलीकडील घराच्या ओसरीवरचा पाण्याचा माठ फोडला होता. माठ बुडाशी फुटला, कैरी तशीच राहिली, आणि मला जो मार बसला त्याचा मात्र नेम अचूक होता. परंतु साठ वर्षांत स्मृतीने त्या प्रसंगातला मार गाळून फक्त डायना शिल्लक ठेवली होती, आणि नातीसाठी तशीच मोडायची, स्प्रिंगची बंदूक घ्यावी असा माझा इरादा मुक्रर झाला.

चिरंजीव गोरेगावला संगणकाच्या कंपनीत आहेत. त्यांनी दोन रात्री जागून एक तक्ता केला. त्या तक्त्यावरून माझी डायना पहिल्याच रकान्यात बाद झाली; कारण स्प्रिंगच्या बंदुकीची नळी ओढून ताण देण्यास जो जोर लागतो तो अकरा वर्षांच्या मुलीच्या दंडात नसतो, अर्धवट ओढलेली नळी निसटली तर बोटांची धडगत नसते, आणि चाप ओढल्यावर आतली स्प्रिंग धावते त्या धक्क्याने गोळी बाहेर पडण्यापूर्वीच नेम हलतो. “बाबा, हल्ली सगळे दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर चालते,” चिरंजीव म्हणाले. नळीखाली एक नळकांडे, त्यात दोनशे वातावरणांच्या दाबाने कोंडलेली हवा, चाप ओढला की त्यातली चिमूटभर सुटते, धक्का नाही, आवाजही जेमतेम शिंकेएवढा. येथवर सारे पटण्यासारखे होते. परंतु तक्त्याच्या अखेरीस वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, श्टायर अशी नावे होती, ज्यांचा उच्चार करतानाच घशात दोनतीन छर्रे अडकत, आणि त्यांच्यापुढे जे आकडे होते ते दोन-तीन लाखांच्या घरातले होते. चिरंजीवांनी हप्त्यांचाही हिशेब मांडला होता. हप्ते फिटतील तेव्हा मुलगी बारावीत असणार होती.

“वजन किती?” एवढाच प्रश्न सूनबाईंनी विचारला. नियमाप्रमाणे साडेपाच किलोंपर्यंत चालते, असे उत्तर आले. शाळेचे दप्तर मुलाच्या वजनाच्या दशमांशाहून जड नसावे असा शासनाचा दंडक आहे, आणि आमच्या नातीचे वजन बत्तीस किलो; म्हणजे त्या दंडकाने तिने सव्वातीन किलोंवर काही उचलू नये. तिचे खरे दप्तर कोणी वजनकाट्यावर ठेवले नाही, कारण ते ठेवले असते तर बंदूक हलकी भरली असती.

मग जागेचा विचार झाला. या खेळात लक्ष्य दहा मीटरांवर असते, आणि त्या लक्ष्याचा मध्यबिंदू, जेथे पूर्ण दहा गुण मिळतात, तो अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. एवढ्या ठिपक्यावर साठ गोळ्या झाडावयाच्या, आणि प्रत्येक गोळी नेमक्या मध्यावर लागली तर १०.९ या हिशेबाने ६५४ गुण होतात, जे आजतागायत मनुष्यमात्राला साधलेले नाहीत. ठिपक्याची चिंता पुढची. आधी दहा मीटर आणायचे कोठून? आमच्या सदनिकेत देवघराच्या भिंतीपासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत जी सर्वांत लांब सरळ रेषा निघते, ती सुताराच्या टेपाने सहा मीटर ऐंशी सेंटिमीटर भरली. उरलेले तीन मीटर वीस सेंटिमीटर शेजारच्या वहिनींच्या ओट्यावरून जात होते, आणि लक्ष्य टांगावयाचे तर ते त्यांच्या मिसळणाच्या डब्याच्या नेमके वर येत होते. गच्चीचा प्रस्ताव सोसायटीच्या चिटणीसांपुढे ठेवला. त्यांनी तो कार्यकारिणीत मांडला, आणि ‘गच्चीवर पापड, बंदुका इत्यादी वाळत घालू नयेत’ असा ठराव एकमताने संमत झाला.

शेवटी, सर्व ठराव परस्परांना छेद देऊन संपल्यावर, पोरीला एका शिक्षकांकडे न्यावे असे कोणाला तरी सुचले. हे गृहस्थ सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, लोकलने तासाभराच्या अंतरावर मुलांना शिकवतात. आम्ही चौघेजण तक्ता घेऊन गेलो. त्यांनी तक्ता पाहिला नाही. त्यांनी मुलीला दोन्ही तळहातांचे लहानसे भोक करून त्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहावयास सांगितले, मग एक डोळा मिटावयास सांगितला, मग दुसरा. उजवा उघडा ठेवला की घड्याळ भोकातून निघून जाई; डावा उघडा ठेवला की जागच्या जागी राही.

“हिचा सरस डोळा डावा आहे,” ते म्हणाले. “डाव्या खांद्यावरून शिकली तर बरे. तुम्ही कोणती बंदूक बघितलीत?”

चिरंजीवांनी तक्ता घडी करून खिशात घातला. त्यातल्या सगळ्या बंदुका उजव्या दस्त्याच्या होत्या. टिकल्यांची तेवढी दोन्ही हातांनी चालत होती, आणि हे कुटुंबाने परतीच्या गाडीत तीन वेळा सांगितले.

शिक्षकांनी पहिले तीन आठवडे गोळी दिलीच नाही. वर्गाच्या मालकीची एक जुनी, घासून गुळगुळीत झालेली देशी बंदूक, पुढे टेकू, आणि नळीतून आरपार ओवलेली एक केशरी दोरी. दोरी दोन्हीकडे लोंबत असली की बंदूक रिकामी हे लांबूनही दिसते. “रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे करायची नाही, आणि सांगितल्याशिवाय बोट चापावर न्यायचे नाही,” हे तीन नियम त्यांनी पोरीकडून इतक्या वेळा म्हणवून घेतले की मला मुंजीची संध्या आठवली. कोपर कमरेच्या हाडावर टेकवून उभे राहायचे. जे वजन दंडाला पेलत नाही ते हाडाला पेलते. मग नळीवर एक रुपया ठेवायचा, रिकामा चाप ओढायचा, आणि रुपया पडता कामा नये.

चिरंजीवांचा रुपया श्वास सोडताच पडला. माझा तर ठेवतानाच पडला. पोरीचा रुपया मात्र नळीवर असा बसला होता की मला त्याची दया आली. एवढे निश्चल उभे राहण्याची विद्या तिने कोठे संपादन केली हा प्रश्न मला पडला, पण त्याचे उत्तर येताना विरार गाडीत मिळाले: ज्याला चारी बाजूंनी माणसांनी ठासून भरले आहे त्याने हलायचे कोठे?

त्या गाडीचा एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या महिन्यात शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीपुरती वर्गाची बंदूक सरावासाठी घरी न्यावयास दिली, रिकामी, लांब काळ्या पेटीत, कुलूप घालून, सोबत कागद. एवढे अवजड शस्त्र घेऊन भर गर्दीच्या वेळी डब्यात शिरताना माझी छाती धडधडत होती. आता घबराट होईल, जाबजबाब होतील, साखळी ओढली जाईल. दारातल्या गृहस्थाने पेटीकडे पाहिले.

“काका, काय आहे ह्यात?”

“बंदूक,” मी कापऱ्या आवाजात सत्य सांगितले.

“मग आडवी कशाला धरलीत? उभी करा, दोन माणसे अजून उभी राहतील.”

वसई येईपर्यंत त्या पेटीवर एकाने पिशवी टेकवली, दुसऱ्याने कोपर, आणि एका बाबांनी तिच्या आधाराने नायगावपर्यंत झोपही काढली. परवान्यावाचून बाळगता येणाऱ्या वस्तूंत तिची गणना कायद्याने का केली असावी ते मला तेव्हा उमगले.

या देशात नेमबाजी संघटित करणारी राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली निघाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर, म्हणजे गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले दादासाहेब. राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरची स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. अहिंसेच्या उपासकाने बंदुकांच्या संघटनेचे अध्यक्षपद घ्यावे याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. पाचशे सभासदांना खाली बसवणे ज्याचे प्राक्तन होते, त्याला एखाद्या ठिकाणी तरी माणसे आपण होऊन गप्प उभी राहतात, हे पाहून केवढा विसावा वाटला असेल! नाशिकचे भीष्मराज बाम, पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, नेमबाजांना योगशास्त्रातली एकाग्रता शिकवीत, ते याच कारणाने. यम, नियम, आसन, प्राणायाम: पतंजलीच्या पायऱ्या आणि आमच्या हवालदारांच्या पायऱ्या यांत फरक एवढाच, की पतंजली रुपया ठेवीत नसे.

घरी पोरीचा सराव चालतो तो असा. पहाटे साडेपाचला कुटुंब जपाला बसते, त्याच वेळी नात समोरच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या ठिपक्यावर रिकाम्या बंदुकीने नेम धरून उभी राहते. दोरी नळीत, रुपया नळीवर, आजीची माळ एकशेआठावर आली की दोघींचा नेम संपतो. मध्ये कोणी बोललेले दोघींनाही खपत नाही. चहा त्यानंतर.

चिरंजीवांनी मधल्या काळात नवा तक्ता केला आहे, डाव्या दस्त्यांचा. भाऊजी ठासणीच्या बंदुकीचा दस्ता कापून डावा करून देणारा सुतार पाहत आहेत. हवालदार म्हणतात, दोन वर्षे तरी काही घेऊ नका, पोर वाढते आहे, हाताची लांबी बदलेल, आज मापाची घेतलेली बंदूक पुढच्या गणपतीला चड्डीसारखी आखूड होईल. अंजली भागवतांनी बंदूक प्रथम हाती धरली ती कॉलेजच्या छात्रसेनेत, तीही सरकारचीच होती, हे मी चिरंजीवांना ऐकवले. २००२ साली त्या जगात पहिल्या क्रमांकावर होत्या, हे त्यांनी मला ऐकवले. दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिलो.

बंदुकीचा प्रश्न अशा रीतीने तहकूब झाला असला, तरी जागेचा शिल्लक आहे. सबब वाचकांस विनंती, की वसईपासून विरारपर्यंत, पूर्वेस वा पश्चिमेस, कोणाच्या घरी सरळ दहा मीटर लांबीची बंद खोली, एका टोकाला भरीव भिंत आणि पलीकडे कोणाचेही स्वयंपाकघर नाही, अशी असल्यास कृपया कळवावे. भाडे देऊ. फोडण्यासाठी माठ आमचे आम्ही आणू.